एक्केचाळीस नंबरचा फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी भाऊजी स्वतः स्टुडिओत आले. फोन नाही, निरोप नाही, ताईसुद्धा बरोबर नाही. मी एका बाईंचा पासपोर्टचा फोटो काढत होतो आणि हसू नका म्हणून त्यांच्या विनवण्या करत होतो. मागून आवाज आला, "याच्याकडे बघून हसू येणं शक्य नाही बाई, तुम्ही निश्चिंत राहा." बाई फस्सकन हसल्या. तो फोटो वाया.

बाई गेल्यावर भाऊजी म्हणाले, "खटक्या, नवी रेकॉर्ड येतेय. कव्हरचा फोटो तू काढ."

मी बघतच राहिलो. भाऊजींच्या आजवर सहा रेकॉर्डी आल्या. सहाही कव्हरं मफलरवाल्या, दाढीवाल्या, नावाजलेल्या लोकांनी काढली. माझ्या वाट्याला त्यांच्या घरची बारशी आणि गॅसच्या पुस्तकावरचा फोटो. चौदाव्या वर्षी ताईच्या घरी राहायला आलो तेव्हा मी दिसेल ते बटण दाबून बघायचो, म्हणून भाऊजींनी नाव ठेवलं खटक्या. पुढे फोटोच्या दुकानात ट्रे धुतले, काउंटरवर झोपलो, स्वतःचा स्टुडिओ काढला, बाहेर पाटी लावली, 'तुम्ही हललात तरी फोटो हलणार नाही!' पाटीतलं वाक्य माझं स्वतःचं. एवढं सगळं झालं तरी व्हायोलिनवाल्या भाऊजींच्या लेखी मी खटक्याच.

आणि आज हे.

"दोन अटी," म्हणाले. "फ्लॅश नको. पहिल्या रेकॉर्डचा फोटो खिडकीच्या उजेडात काढला होता, तसाच हवा. आणि त्या वेळी इथे तू सोडून बाहेरचं कोणी नको."

कलावंताला एकांत लागतो, ते मला कळतं. मी म्हटलं, "स्टुडिओ बंद ठेवतो, भाऊजी." ऊन मी म्हणत होतं, तरी अंगात कोट आणि उजवा हात कोटाच्या खिशात. पासष्टी उलटली, रुबाब काही कमी झालेला नाही.

हिला सांगितलं. ही संगणकावर कुणाच्या तरी गालावरचा फोड पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "इतक्या वर्षांनी बरी आठवण झाली. काहीतरी असणार, अहो."

"काय असणार? कामाची पारख असणार."

"असेल बाई," म्हणाली. हिचं 'असेल बाई' मला कधीच आवडलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीने रेकॉर्डची प्रत ऐकायला पाठवली. काळ्या तबकड्यांना पुन्हा दिवस आलेत म्हणे. म्हणजे कव्हर चांगलं फूटभर लांब, फूटभर रुंद. मी काढलेला एवढा मोठा फोटो आजवर फक्त एका नगरसेवकाचा लागला होता, तोही तो गेल्यावर.

दोनदा ऐकली. वाजवणं काय सांगावं! पण माझे कान म्हणजे कान आहेत. दुसऱ्या बाजूला मला सांधे ऐकू आले. एका सुराची शेपटी संपते तिथे खोलीचा आवाज बदलतो, एवढासा. तुकडे जोडलेत. पहिली बाजू एका दमात वाजवलेली, दुसरी तुकड्यातुकड्यांनी. ताईला फोन केला आणि जरा भाव खाल्ला, "बाकी कुणाला कळणार नाही, पण मला सतरा जोड सापडले."

ताई एकदम म्हणाली, "कुणाला बोललास का हे?"

"छे. हल्ली सगळेच जोडतात."

"हो, सगळेच जोडतात," ताई म्हणाली. "जेवलास का?"

१० फेब्रुवारी, सोमवार

फोटो झाले. चौसष्ट.

सकाळी नऊला आले, उत्तरेच्या खिडकीतून उजेड सायीसारखा येतो तेव्हा. ताई बरोबर होती. ती घरचीच, तिला कोण बाहेरचं म्हणणार. तिने भाऊजींच्या शर्टाच्या बाहीचं बटण लावून दिलं, कॉलर सारखी केली. मी म्हटलं, "ताई, लग्नात तरी एवढं केलं होतंस का?" ताई हसली नाही. भाऊजी म्हणाले, "तेव्हा ती मला घाबरायची."

उंच पाठीची खुर्ची दिली, म्हणजे डोकं टेकून स्थिर राहील. व्हायोलिन मांडीवर उभं, डावा हात त्याच्या मानेवर, उजव्यात गज, सैल धरलेला. खिडकीचा उजेड कमी, त्यात मला चेहऱ्यापासून व्हायोलिनपर्यंत सगळं धारदार हवं, म्हणून शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवलं. तेवढा वेळ माणूस आरामात स्थिर बसतो. तान्ही मुलं सोडली तर माझ्यासमोर कुणी हललेलं नाही.

एकच त्रास झाला. कुठून तरी बारीक टकटक येत होती. टकटकटकटक. लाकडावर लाकूड. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या तिवईचा स्क्रू ढिला. तो आवळला. तरी टकटक. मग खुर्ची तपासली, खिडकीची कडी बंद केली. भाऊजी म्हणाले, "काय शोधतोस?" मी म्हटलं, "काहीतरी वाजतंय. तुम्हाला ऐकू येत नाही?" ते म्हणाले, "नाही बुवा." त्यांनी गज सावरून धरला आणि टकटक थांबली. माझं लक्ष नेमकं तेव्हा कडीकडे होतं, म्हणून मी खूश. कडीच होती तर.

"भाऊजी, हात मोकळा सोडा. एकदम ढिला. तुम्ही हाताला फार जपताय."

"ढिला सोडू?"

"अगदी झोपला असल्यासारखा."

त्यांनी ताईकडे बघितलं. मग हात ढिला सोडला. चेहऱ्यावर जे आलं ते मी टिपलंय. डोळे असे की बघणारा खुर्ची ओढून समोर बसेल. आयुष्यात असा फोटो काढला नव्हता. जाताना भाऊजींनी खांद्यावर डावा हात ठेवला. "तुझ्याकडे आलो ते बरं केलं."

रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या पडद्यावर फोटो बघितले आणि माझी दातखीळ बसली. चेहरा असा की पापण्या मोजाव्यात. व्हायोलिनच्या लाकडावरची रेघ न् रेघ. आणि उजवा हात? धूर. चौसष्टांपैकी पंचावन्न फोटोंत हाताच्या जागी नुसता धूर.

भिंगात दोष असणार. उजवीकडच्या कोपऱ्यात भिंग घसरलं असेल तर असं होतं. नाहीतर रस्त्यावरून ट्रक गेला असेल. पंचावन्न ट्रक? हे हिने विचारलं. मग म्हणाली, "हात हलला असेल, अहो."

"भाऊजींचा हात? चाळीस वर्षं तो हात एका केसावर गज चालवतोय. तो हलेल?"

ही या वेळी 'असेल बाई'सुद्धा म्हणाली नाही.

नऊ फोटो बरे आहेत, हात त्यातल्या त्यात स्वच्छ. त्यांच्याखाली खुणा केल्या आणि माझ्या रिवाजाप्रमाणे चौसष्टच्या चौसष्ट कंपनीला पाठवून दिले. माझा धंद्यातला पहिला नियम आहे हा. एकही फोटो दडवायचा नाही, वाईटसुद्धा. सगळं गिऱ्हाइकासमोर ओतायचं, निवड त्याची. मग 'तो दुसरा कुठाय?' म्हणून कुणी गळा धरत नाही. तीस वर्षांत एक भांडण नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भिंग दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने तासभर तपासलं. म्हणाला, "भिंगाला काही झालेलं नाही. काढणाऱ्याचं वय काय?" मी म्हटलं, "तुझ्या बापाएवढं." पण मनाला लागलं. घरी येऊन माझे दोन्ही हात उजेडात धरून बघितले. दगडासारखे आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायला बसलो खरा, पण कुठून सुरू करू?

संध्याकाळी नऊ फोटोंच्या प्रती घेऊन ताईकडे गेलो. भाऊजी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. मी सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात, ताई चहा टाकत होती. इकडचं तिकडचं बोललो. आणि बाहेरून आवाज आला.

टकटकटकटक.

या वेळी लाकूड नव्हतं, काच होती. अंगठी आणि पाण्याचा पेला. पण ठेका तोच. सेकंदाला चार, चारहून किंचित जास्त. माझी तिवई तिकडे स्टुडिओत, खिडकीची कडी तिकडे, आणि ठेका इथे. मग पेला उचलल्याचा आवाज, आणि तो हातात असेपर्यंत टकटक बंद. पेला ठेवला, पुन्हा सुरू.

ताईने नळ सोडला. भांडी नव्हती सिंकमध्ये. नुसता नळ.

तेव्हा मला कळलं की गेले कित्येक महिने मी या घरी आलो की ताई नळ सोडते.

"ताई, नळ बंद कर," मी म्हटलं. तिने केला नाही. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील. बोलू नको ना इतक्या मोठ्याने."

"डॉक्टर?"

"दोन झाले. गोळ्या आहेत. त्याने एवढंच की जरा हळू वाढतं. बरं होणारं दुखणं नाही हे." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आधी फक्त हात रिकामा असला की हलायचा. वाजवायला घेतला की थांबायचा. म्हणून पहिली बाजू झाली. मग वाजवतानाही जड व्हायला लागला. तुला सतरा जोड सापडले ना? एकेका तुकड्यासाठी दोन-दोन दिवस. तीन ओळी वाजवायचे आणि गाडीत येऊन बसायचे. ही शेवटचीच आहे रे."

मी म्हटलं, सांगायचं कुणाला तरी, मला तरी. ती म्हणाली, "त्यांचा हट्ट आहे. रेकॉर्ड लोकांनी आधी ऐकायची, मग काय ते कळू दे. आधी कळलं तर कुणी ऐकणार नाही म्हणतात. सगळे कीव करत बसतील. बिचाऱ्याने कसं वाजवलं असेल, एवढंच ऐकतील. शेवटचं एकदा वाजवणारा म्हणून ऐकलं जायचंय त्यांना, आजारी म्हणून नाही."

"मग फोटो माझ्याकडून..."

ताईने माझ्याकडे बघितलं. "बाहेरच्याला दिसलं असतं ना."

म्हणजे पारख नव्हती. तीस वर्षांचा धंदा नव्हता. माझं तोंड बंद राहील, एवढंच. खोटं कशाला लिहू, भाऊजींच्या दुखण्याच्या आधी मला हेच टोचलं. दुसऱ्या क्षणी स्वतःची लाज वाटली, पण आधी टोचलं ते टोचलंच. आणि 'हात अगदी ढिला सोडा' असं मी म्हणालो होतो. वर हसतही होतो.

बाहेरून भाऊजींचा आवाज, "खटक्या, काय कुजबुजताय तिथे? माझे कान अजून शाबूत आहेत."

चहाचे कप घेऊन बाहेर गेलो. भाऊजींनी नऊ फोटो बघितले. म्हणाले, "नऊ वेळा जमलं की." कळलं त्यांना, की मला कळलंय.

आणि घरी परतताना रस्त्याच्या मधोमध आठवलं, चौसष्ट पाठवलेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दहा वाजायची वाट बघत बसलो होतो. दहाला कंपनीत फोन लावला. कव्हरं बनवणारी मुलगी आहे, तिला मी कव्हरवाली म्हणतो. हुशार, बोलायला गोड, एका वाक्यात तीनदा 'काका'.

"काका, मी तुम्हाला फोन करणारच होते! एक्केचाळीस नंबर! काका, काय फोटो काढलाय तुम्ही! चेहरा इतका शांत, आणि हात नुसता धूर. संगीत दिसतं त्यात, काका."

"तो बाद आहे. खाली खूण नाही बघ. नऊवर खुणा केल्यात."

"ते नऊ छान आहेत. पण ते फोटो आहेत नुसते."

"अगं, चूक आहे ती. कॅमेरा हलला."

"चेहरा तर स्थिर आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, चूक असेल तर फारच सुंदर चूक आहे. साहेबांनाही आवडलाय. संपूर्ण टीम वेडी झालीय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या फोटोसाठी वेडं झालं. फोन ठेवला आणि चौसष्ट फोटो स्टुडिओच्या यंत्रावरून पुसून टाकले. त्याने काय होणार होतं? त्यांच्याकडे आहेतच. ही मागे उभी होती. हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या कचेरीत गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. माणसं वळवणं हा माझा खरा धंदा आहे, फोटो नंतरचा. रुसलेल्या नवरीला मी हसवलंय, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांना एका सोफ्यावर बसवलंय. साहेबांना वळवणार नाही?

सगळं वापरून बघितलं. म्हटलं, गिऱ्हाइकाला पसंत नाही. साहेब म्हणाले, त्यांनी स्वतः सांगावं, आम्ही ऐकू. म्हटलं, माझ्या नावाला बट्टा लागेल, माझी पाटी बघा. साहेब म्हणाले, उलट नाव होईल. म्हटलं, फोटोचा हक्क माझा, मी देत नाही. त्यांनी शांतपणे मी सही केलेला कागद काढला. माझीच सही. खालची रेघ झोकात ओढलेली.

"पण कारण तर सांगा," साहेब म्हणाले. "एक खरं कारण द्या, बदलतो."

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. ते सांगितलं की फोटो बदलला असता, आणि ज्याच्यासाठी बदलायचा तेच उघडं पडलं असतं. साहेब वाईट माणूस नाही, पण विकणारा आहे, माझ्यासारखाच. असं कारण हाती लागलं की तो काय करेल ते मला माहीत आहे, कारण मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

"कारण काही नाही," मी म्हटलं. "मला आणखी चांगला काढता येईल."

शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजी आले. आत येण्याआधी बाहेर थांबून पाटी मोठ्याने वाचली, "तुम्ही हललात तरी फोटो हलणार नाही." मग आत आले आणि म्हणाले, "बघू आज तुझी पाटी खरं बोलते का."

एक्केचाळीस नंबरचं त्यांना अजून सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, कंपनीला अजून थोडे हवेत, आणि या वेळी फ्लॅश लागेल. ते हो म्हणाले. कुठल्याच गोष्टीला लगेच हो न म्हणणारा माणूस.

खिडकीचे पडदे ओढले. फ्लॅशचे मोठे दोन दिवे लावले. टकटक ऐकू येत होती, गजाचं टोक खुर्चीच्या पायावर. या वेळी मी काही शोधलं नाही, काही आवळलं नाही. फोटो काढले.

मग त्यांना पडद्यावर दाखवला. हात स्वच्छ. नखांवरच्या रेघा, बोटांवरचे केस, गज धरून धरून अंगठ्याला पडलेला घट्टा. हात थांबलेला.

भाऊजी खुर्ची पुढे ओढून बसले. बराच वेळ बघत होते.

"किती वेळ थांबला होता?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

"हं," म्हणाले. "तेवढा तरी."

जाताना म्हणाले, याची एक लहान प्रत दे. पाकिटात मावेल अशी. मी पासपोर्टच्या आकाराची काढून दिली. ती त्यांनी व्हायोलिनच्या पेटीत, गज ठेवायच्या खाचेत ठेवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कव्हरवालीचा फोन. "काका, रागावू नका हं. नवा फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखा आलाय." एक्केचाळीस नंबरच नक्की. छापायला गेला.

दुपारी भाऊजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चौसष्ट पाठवल्याचंही. माझ्या नियमाचंही. आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत, आज वाकलो होतो, त्यांनी डाव्या हाताने वर ओढलं.

"दाखव तर काय आहे."

कव्हरवालीने पाठवलेला फोनवर दाखवला. ताई त्यांच्या मागे उभी राहून बघत होती. ती आत निघून गेली आणि नळाचा आवाज आला.

"मी असा दिसतो?" भाऊजी म्हणाले. "मला वाटायचं, फार दिसत नाही."

मी फोन खिशात घालायला गेलो, त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला.

"फोटो फार चांगला आहे रे. वाईट असता तर किती बरं झालं असतं."

मी म्हटलं, तुम्ही कंपनीला नको म्हणा. ते म्हणाले, का म्हणून विचारतील. मी म्हटलं, काहीतरी सांगा. ते म्हणाले, "खटक्या, मला वाजवता येतं. थापा मारणं तुझं काम." थट्टेत म्हणाले. मी मात्र ते मनावर घेतलंय.

१२ मार्च, बुधवार

रेकॉर्ड बाहेर आली. लहानसा समारंभ होता. भिंतीवर एक्केचाळीस नंबर, दाराएवढा. दाराएवढा धूर. भाऊजी कोटात, हात खिशात. वाजवा म्हणून लोकांनी आग्रह केला. म्हणाले, "आता तबकडी वाजवेल, मी ऐकेन. चाळीस वर्षं तुम्ही बसला होतात, आज मला बसू द्या." लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

एका वर्तमानपत्राच्या बाईने भाऊजींना विचारलं, "हाताचं हे असं..."

मी मध्ये घुसलो. "माझं तंत्र आहे ते, मला विचारा." आणि जी सुरुवात केली! शटर मुद्दाम सावकाश ठेवलं, त्यांना मुद्दाम हात हलवायला लावला, सुरांचा वेग फोटोत यावा म्हणून तीन महिने प्रयोग केले. तीन महिने! हलणाऱ्या फोटोंचा मी जन्मभर तिरस्कार केला, आणि आज त्यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. बाई भराभर लिहून घेत होत्या. भाऊजी माझ्याकडे बघत होते. नजर ओळखीची होती. ताईच्या घरातलं रेडिओचं बटण मी मोडलं होतं आणि मांजरीने मोडलं म्हणून सांगितलं होतं, तेव्हाची.

१९ मार्च, बुधवार

छापून आलं. 'हालचालीचा किमयागार.' रेकॉर्डबद्दल अख्खा एक परिच्छेद, आणि काय सुरेख लिहिलंय! दुसऱ्या बाजूत वेगळाच ठहराव आहे म्हणतात. सतरा जोड एकालाही ऐकू आलेले नाहीत. लोक ऐकतायत, आणि वाजवणाराच ऐकतायत. भाऊजींना हवं होतं ते झालं.

सकाळपासून तीन फोन. एका नवरीला मेंदी... नाही, मेंदी नको म्हणाली, नुसते हात 'तसे धुरासारखे' हवेत. एका तबलजीला हवेत. एका दाताच्या डॉक्टरलाही हवेत, म्हणजे रुग्ण पळून जातील. ही म्हणाली, "पाटी उतरवायची का?" मी म्हटलं, राहू दे.

२ एप्रिल, बुधवार

स्टुडिओत फोन आला. वयस्क बाईंचा आवाज. नाव सांगितलं नाही.

"तो व्हायोलिनचा फोटो तुम्ही काढलात ना?"

"हो बाई, तुम्हालाही तसा हवाय?"

"नको. मला एक विचारायचं होतं. त्यांना किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, "कशाला?"

"माझ्या यजमानांचा हात अस्साच दिसतो. अंगठा आणि पहिलं बोट, गोळी वळल्यासारखी. फोटोत तेच आहे. मी रोज बघते ना, मला कळतं. त्यांनी ही रेकॉर्ड कशी वाजवली, कुठल्या गोळ्या घेतात, एवढंच विचारायचं होतं. आमचे हे सुतारकाम करायचे. आता दिवसभर बसून असतात. मी त्यांना फोटो दाखवला. म्हटलं, बघा, यांनाही आहे, आणि यांनी केवढं केलं. किती दिवसांनी ते उठून रंध्याकडे गेले."

माझ्यासमोर भिंतीवर ते कात्रण होतं. हिने चौकट करून लावलंय.

"नाही हो, बाई," मी म्हटलं. "तसं काही नाही. ते तंत्र आहे. मुद्दाम केलंय."



"नक्की?"

"नक्की."

"बरं. मग माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "आता आमच्या यांना काय सांगायचं." आणि फोन ठेवला.

नंबर होता. दहा वेळा फोन हातात घेतला. काय सांगणार? खरं सांगितलं तर भाऊजींचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर तिकडे एक माणूस पुन्हा खुर्चीत बसतो. तीस वर्षं मला प्रत्येक अडचणीला वाट सापडली. आज संध्याकाळपर्यंत बसलो, वाट नाही. हिने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, चुकीचा नंबर.

६ एप्रिल, रविवार

ताईकडे गेलो. त्या बाईंचं सांगायचं ठरवून गेलो होतो. भाऊजींनीच ठरवावं. पण दार उघडल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "ये, किमयागार," आणि इतके छान हसले की मी ते गिळून टाकलं. पुढच्या रविवारी सांगेन. निदान सांगेन असं आज तरी इथे लिहून ठेवतो.

व्हायोलिनची पेटी कपाटावर गेली होती. आधी खुर्चीजवळ असायची. मी विचारलं नाही.

चहा आला. भाऊजींचा कप बशीवर वाजायला लागला. टकटकटकटक. ताई उठली. मला कळलं, नळाकडे चाललीय. मी म्हटलं, "ताई, बस ना जरा," आणि काय मनात आलं कोण जाणे, मीही माझा कप बशीवर वाजवायला लागलो. म्हणजे दोन कप वाजले तर एकाचा ऐकू येणार नाही, असलं काहीतरी. आता लिहिताना लाज वाटते.

ताई दारातच थांबली.

भाऊजींनी कान दिला. डोळे मिटले. मग म्हणाले, "खटक्या, लय चुकतेय तुझी."

"हो?"

"पळतोयस. माझ्याकडे लक्ष दे." आणि त्यांनी हात लपवला नाही, सावरला नाही, तसाच बशीवर वाजू दिला.

मी लक्ष दिलं. सेकंदाला चार, चारहून किंचित जास्त. माझे कान म्हणजे कान आहेत, ठेका मला नीट ऐकू येत होता. पण हात धरीना. मागे पडायचा, नाहीतर पुढे पळायचा. चहा निवेपर्यंत प्रयत्न केला. भाऊजी "हं, पुन्हा, हं, पुन्हा" म्हणत होते, शिष्याला म्हणतात तसं, आणि ताई दाराला टेकून खाली बसली होती.

जमलं नाही.